शंभर डॉलरचा सूर्य

परवा रात्री (म्हणजे माझी रात्र, त्याची सकाळ) पुण्याहून धाकट्या मावसभावाचा फोन आला. नोकरी लागून दोन वर्षं झालीत, फ्लॅट भाड्याचा का होईना पण स्वतःचा आहे, आणि आता त्याला घरात फिशटँक हवाय. साधासुधा नाही. खाऱ्या पाण्याचा, प्रवाळवाला. "दादा, तू तुझ्या टँकला कुठला एलईडी लावलायस? लिंक पाठव ना. पण बजेटमधला सांग हां, ते ऐंशी हजारवाले नकोत."

मी त्याला काय उत्तर दिलं ते शेवटी सांगतो. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हा प्रश्न मला इथे कॅलिफोर्नियातही हापिसातली किमान चार मुलं विचारून गेलीत. प्रश्न दर वेळी तोच, 'कुठला दिवा घेऊ?' आणि माझं मत दर वेळी तेच, की प्रश्नच चुकीचा आहे. तर आज शनिवार आहे, चहा झालाय, एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी थोडं प्रवाळाबद्दल. आमच्या आईला मी पहिल्यांदा सांगितलं की घरात प्रवाळ पाळलंय, तेव्हा तिला वाटलं मी मंगळासाठी पोवळं घेतलं! तिला बरं वाटलं बिचारीला. गंमत म्हणजे अंगठीतलं ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातल्या ज्या प्रवाळाचं असतं, ते अर्ध्या अंधारात, गुहांमध्ये आणि खोल पाण्यात वाढतं. त्याला प्रकाशाची गरजच नसते. लोक घरात पाळतात ती प्रवाळं वेगळी. ती उथळ, उबदार समुद्रातली. त्यांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाळ राहतं. हे भाडेकरू प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या साखरेचा मोठा हिस्सा मालकाला देतात. प्रवाळ स्वतः प्राणी आहे, तोंड आहे, टेंटॅकल्स आहेत, कोलंबीचा तुकडा दिला तर खातं. पण घर चालतं ते मुख्यतः भाड्यावर. म्हणजे तुमचा दिवा हा नुसता दिवा नाही, रोजचं जेवण आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. समुद्राचं पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच पिऊन टाकतं. निळा सगळ्यात खोल जातो. त्यामुळे या शैवाळाची यंत्रणा निळ्यावर चांगली चालते. त्यातलं हिरवं हरितद्रव्य साधारण ४३० ते ४६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश उचलतं, आणि पेरिडिनिन नावाचं त्याचं खास रंगद्रव्य त्याच्या पुढचा निळा-हिरवा पट्टा सांभाळतं. आता सगळ्यात स्वस्तात, भरपूर आणि कार्यक्षमतेने मिळणारा एलईडी कुठला? ४५० नॅनोमीटरचा 'रॉयल ब्लू'. कारण घरातला पांढरा एलईडी बल्बसुद्धा आतून निळीच चिप असतो, वर पिवळसर फॉस्फरचा लेप दिलेला. नाकामुरांनी १९९३ मध्ये जपानमध्ये चांगला तेजस्वी निळा एलईडी बाजारात आणायच्या लायकीचा केला (त्याबद्दल २०१४ चं नोबेल आकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर त्यांना मिळालं), आणि अख्ख्या जगाला पांढरा उजेड पुरवायला निळ्या चिपा टनावारी बनायला लागल्या. प्रवाळवाल्यांची फुकटात लॉटरी! जे प्रवाळाला हवं होतं, नेमकं तेच स्वस्त झालं.

म्हणून माझं पहिलं मत, आणि यावर महागडे दिवेवाले मित्र चिडतात: फोटॉन हा फोटॉन असतो. ४५० नॅनोमीटरचा फोटॉन शंभर डॉलरच्या डब्यातून आला की आठशे डॉलरच्या, झूझँथेलीला काडीचा फरक पडत नाही. तिला पावती दिसत नाही.

मग अडतं कुठे? अडतं आपल्या डोळ्यांपाशी.

तीन वर्षांपूर्वी मी ४० गॅलनचा टँक घेतला. ३६ इंच लांब, १८ रुंद, १६ उंच. त्यावर एक चायनीज 'ब्लॅक बॉक्स' टांगला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काळा पत्र्याचा डबा, आत तीन-तीन वॉटचे म्हणवणारे ५५ एलईडी, वर दोन पंखे, बाजूला दोन नॉब. एक निळ्याचा, एक पांढऱ्याचा. ११० डॉलर. नावात १६५ वॉट होते, भिंतीला मीटर लावून मोजलं तर ११५ निघाले. (हे फसवणूक वगैरे नाही, या धंद्याची रीतच आहे. चिपची कमाल क्षमता गुणिले चिपांची संख्या, झाला आकडा. जाहिरातीतल्या मायलेजसारखं वाचायचं.)

आमच्या गावातल्या प्रवाळवाल्या क्लबात एक निवृत्त गृहस्थ आहेत. वीस-पंचवीस वर्षं हेच करतात. त्यांनी मला त्यांच्या हॅमर प्रवाळाचा दोन तोंडांचा फ्रॅग दिला. फ्रॅग म्हणजे मोठ्या प्रवाळाचा कापून लावलेला तुकडा, आपण जास्वंदीची फांदी लावतो तसा. पैसे घेतले नाहीत. "वाढला की तूही कुणाला तरी दे," एवढंच म्हणाले.

मी तो वरच्या खडकावर मधोमध ठेवला, छान दिसावा म्हणून. निळा नॉब फिरवला. अर्ध्यावर आणला तरी टँक अंधाराच वाटत होता. रात्री बारमध्ये लावतात तसला मिणमिणता जांभळा उजेड. म्हटलं, जेवण आहे ना, उपाशी कशाला ठेवायचं? निळा पूर्ण शंभर टक्के केला. थोडा पांढरा सोडला, डोळ्याला बरा वाटेल इतका. आणि सोमवारपासून हापिसात रिलीज होती, त्यात बुडालो.

सहाव्या दिवशी नीट बघितलं तर हॅमर आक्रसला होता. तपकिरी-हिरव्याचा फिकट पांढरट झाला होता. दहाव्या दिवशी एका तोंडाचं मांस सांगाड्यावरून सुटून पाण्यात लोंबत होतं. मी पाणी तपासलं, क्षार तपासले, तापमान तपासलं. सगळं ठीक. मला वाटलं उजेड कमी पडतोय!! नॉब शंभरच्या पुढे जात नव्हता म्हणून बरं.

त्या काकांना फोन केला. ते रागावले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, उजेड मोजला होतास का? मी म्हटलं, फोनवर लक्स मोजायचं ॲप आहे, त्यात तर कमीच येतोय. ते हसले.

तर इथे खरी मेख आहे, आणि ही इंजिनिअर लोकांना पटावी अशी आहे. लक्स आणि ल्युमेन ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेली आहेत. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पोपटी रंगाला सगळ्यात तिखट. ४५० च्या निळ्याला तो जेमतेम ४ टक्के मार्क देतो. प्रवाळासाठी माप वापरतात ते 'पार' (पिंपळाचा पार नव्हे). ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती फोटॉन एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात ते, मायक्रोमोलमध्ये. भर दुपारच्या उन्हात हे साधारण २००० असतं. आता हिशेब करा. सूर्यप्रकाशाचे १०० पार म्हणजे ५४०० लक्स. नुसत्या ४५० च्या निळ्याचे १०० पार म्हणजे फक्त सुमारे ७०० लक्स. जेवण तेवढंच, पण डोळ्याला आणि लक्समीटरला जवळपास आठपट कमी दिसतं. म्हणून निळा दिवा अंधारा वाटतो, म्हणून माणूस नॉब वाढवतो, आणि म्हणून प्रवाळ मरतं. उपासमारीने नाही, अजीर्णाने. जास्त प्रकाशात शैवाळाची यंत्रणा तुंबते, घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात, आणि प्रवाळ आपल्या भाडेकरूंना घराबाहेर काढतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात.

काकांनी क्लबाचा पार मीटर दिला. क्लबाची वर्षाची वर्गणी २५ डॉलर, मीटर आठवडाभर फुकट. माझ्या हॅमरच्या जागी ५५० पार होते. काकांच्या टँकमध्ये तोच प्रवाळ १२० मध्ये सुखाने राहत होता. रोज ९ तास धरले तर तिथे त्याला दिवसाला ३.९ मोल फोटॉन मिळत होते, माझ्याकडे १७.८. साडेचारपट, तेही एका रात्रीत. आपण प्रॉडक्शनवर साडेचारपट लोड असा एकदम सोडू का? दहा टक्के, वीस टक्के, आलेख बघत बघत सोडतो. मग जिवंत प्राण्याच्या बाबतीत मला ते का सुचलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. दोन तोंडांपैकी एक मेलं. दुसरं खाली सावलीत नेलं, उजेड २५ टक्क्यांवर आणला, आठवड्यातून दोनदा बारीक कोलंबी भरवली. चार महिन्यांनी रंग परत आला.

आणि हे लक्षात घ्या: दिवा तोच होता. ११० डॉलरचाच. आजही तोच आहे.

तर माझं म्हणणं असं की बजेट दिव्याचं करू नका, मोजमापाचं करा. चांगला पाण्याखाली चालणारा पार मीटर विकत घ्यायचा तर पाचशे डॉलरच्या वर जातो, म्हणजे दिव्याच्या पाचपट. तो विकत घ्यायची गरजच नाही. तो भाड्याने आणा, क्लबातून आणा, पण आणाच. ढोबळ आकडे असे: मश्रूम, झोआ, मऊ प्रवाळं यांना ५० ते १००. हॅमर, टॉर्च यांसारख्या मांसल प्रवाळांना ८० ते १५०. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५०. दिवसाला ८ ते १० तास. नवीन दिव्यावर २० ते २५ टक्क्यांपासून सुरुवात आणि दर आठवड्याला पाचेक टक्के वाढ. घाई असेल तर मासे पाळा.

आता स्वस्त दिवा निवडायचाच तर मी काय बघतो?

पहिलं, निळा आणि पांढरा वेगवेगळे मंद करता आले पाहिजेत. हे नसेल तर फुकट मिळाला तरी नको. बाकी लाल-हिरव्या चिपा, 'फुल स्पेक्ट्रम' वगैरे शब्द, ब्लूटूथ, ढगांचा गडगडाट दाखवणारे मोड... प्रवाळाचं यावाचून काही अडत नाही. थोडे ४०० ते ४२० वाले जांभळे असले तर रंग छान खुलतात, इतकंच.

दुसरं, पसारा. स्वस्त डब्याचा खरा दोष हा आहे. सगळ्या चिपा मध्ये दाटीवाटीने, त्यावर अरुंद कोनाची भिंगं. परिणाम म्हणजे मध्ये भट्टी आणि कोपऱ्यात संध्याकाळ. माझ्याकडे मध्ये ५५० असताना कोपऱ्यात ६० होते. उपाय दोन: दिवा उंच टांगा, किंवा एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्या. मी पहिला केला आणि कोपऱ्यातल्या अंधाराशी भांडायचं सोडून तिथे मश्रूम लावले. त्यांना तेच आवडतं.

तिसरं, पंखा. एलईडीच्या आधी पंखा मरतो. मिठाचे कण आत जातात, गरगर आवाज येतो, मग एक दिवस आवाज बंद होतो आणि आपल्याला वाटतं बरं झालं! डबा उघडून पंखा बदलता येतो का ते आधी बघा. माझा आठ डॉलरमध्ये बदलला.

चौथं, वीज. खारं पाणी आणि वीज एकत्र, इथे काटकसर नको. सुरक्षेचं प्रमाणपत्र असलेला पॉवर सप्लाय, गळती झाली की तोडणारा सॉकेट, आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबती सोडून मग वर नेलेली, म्हणजे थेंब सॉकेटात न जाता खाली पडेल. आणि हो, या डब्यांत चिपा माळेत जोडलेल्या असतात. दिवाळीच्या जुन्या माळेसारखं, एक गेला की अख्खी ओळ जाते. हाताला सोल्डरिंग येत असेल तर अर्ध्या तासाचं काम, नसेल तर नवीन डबा.

महाग दिव्यात मग काय मिळतं? उगाच कशाला नावं ठेवा, बरंच मिळतं. उजेड सारखा पसरतो, पंखा शांत असतो, सूर्योदय-सूर्यास्त फोनवरून लावता येतो, आणि खास म्हणजे नेमका तोच दिवा हजारो लोकांनी मोजून ठेवलेला असल्यामुळे आकडे आयते मिळतात. चार फुटी टँक अ‍ॅक्रोपोराने भरायचा असेल तर मीही तोच घेईन, कारण तिथे प्रत्येक कोपऱ्यात अडीचशे पार हवेत. पण पहिला टँक, मऊ आणि मांसल प्रवाळं, आणि खिशात मर्यादित पैसे? तिथे सहाशे डॉलर जास्त देऊन आपण आपली भीती कमी करत असतो, प्रवाळाचं जेवण वाढवत नसतो. तेच पैसे शुद्ध पाण्याच्या फिल्टरात, चांगल्या हीटर कंट्रोलरमध्ये आणि क्षारता मोजायच्या किटमध्ये घाला. आणखी एक, जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ, जास्त वाढ म्हणजे सांगाड्यासाठी पाण्यातला कॅल्शियम आणि क्षारता जास्त वेगाने संपणार, म्हणजे रोज भर घालायचा खर्च आणि काम. उजेड फुकट वाढत नाही, त्याचं बिल दुसऱ्या खिडकीवर येतं.

विजेचं बिल मात्र खरंच कमी येतं. पूर्वी या आकाराच्या टँकवर २५० वॉटचा मेटल हॅलाइड लावायचे. रोज ९ तास, महिन्याला साडेसदुसष्ट युनिट. इथल्या ३० सेंटच्या दराने २० डॉलर, शिवाय वर्षा-वर्षाला नवीन बल्ब, आणि पाणी तापतं ते वेगळंच. माझा डबा आता निळा ४५ टक्के आणि पांढरा १० टक्क्यांवर ४८ वॉट खातो. महिन्याला १३ युनिट, चार डॉलर. फरकातून दिव्याची किंमत सात महिन्यांत सुटते.

आता मावसभावाला काय सांगितलं ते.

त्याला मी म्हटलं, "तू घेऊच नकोस." त्याला वाटलं दादा भाव खातोय. मग समजावून सांगितलं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं आहेत. म्हणजे कागदावर वाघाच्या रांगेत. हॅमर, टॉर्च, अ‍ॅक्रोपोरा सगळे त्यात आले. दुकानदार मागच्या खोलीत नेऊन दाखवतो म्हणून ते कायदेशीर होत नाही. इथे माझ्याकडचे फ्रॅग टँकमध्येच वाढवलेल्या प्रवाळांचे तुकडे आहेत, कुणाकडून तरी कुणाकडे आलेले. पुण्यातल्या मागच्या खोलीत आलेला तुकडा कुठल्या समुद्रातून फोडून आणला, ते तो दुकानदारही सांगणार नाही. आणि समुद्राची अवस्था आधीच बरी नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं सामूहिक ब्लीचिंग जाहीर केलं. तिथे कुणी नॉब फिरवला नव्हता, पाणीच तापलं होतं.

"मग मी काय करू?" तो जरा हिरमुसला.

म्हटलं, गोड्या पाण्याचा वनस्पतींचा टँक कर. तिथेही पार लागतो, तिथेही स्वस्त एलईडी चालतो, आणि जास्त उजेड सोडलास तर मरण्याऐवजी नुसतं शेवाळ येतं. शिकायला उत्तम. आणि प्रवाळ बघायचंच असेल तर पावसाळा संपला की मालवणला जा. पाणी निवळलं की तोंडाला मास्क लावून खाली बघ. तिथला उजेड फुकट आहे, आणि कुणी मोजायची गरज नाही.

तो म्हणाला, बघतो. म्हणजे बहुतेक ऐकणार नाही. पण निदान लिंक तरी पाठवली नाही मी.

बाकी त्या हॅमरच्या उरलेल्या तोंडाची आता पाच तोंडं झालीत. गेल्या महिन्यात त्यातली दोन कापून हापिसातल्या एका मुलीला दिली. पैसे घेतले नाहीत. पार मीटर मात्र सोबत दिला, आणि आठवड्याने परत आणायला सांगितला.

असो. बरंच लांबलं. टँकचं पाणी बदलायची वेळ झाली.